सागवान: ओंडका चिरून घ्यावा की कट साइज आणावी?

चौकटींसाठी सागवान घ्यायला निघालात की साताऱ्यात, कराडात किंवा सांगलीच्या टिंबर एरियात दोन दर ऐकायला मिळतात. एक ओंडक्याचा, दुसरा कट साइजचा, म्हणजे मापात चिरून ठेवलेल्या मालाचा. दोन्ही घनफुटावरच, आणि ओंडक्याचा इतका कमी की मन तिकडेच ओढ घेतं. ते दोन दर तसेच समोरासमोर ठेवून मात्र काही ठरत नाही.

आधी गरज काढा. दोन बेडरूमचं घर धरू. मुख्य दार ७ बाय साडेतीन, चौकट ५ बाय ३ इंच, उंबऱ्यासकट. उभे ७ फूट ३ इंचांचे दोन, कारण ३ इंच फरशीखाली जातात. आडवे ४ फुटांचे दोन, दोन्ही टोकांना ३-३ इंच शिंगं (भिंतीत जाणारी टोकं) धरून. एकूण साडेबावीस फूट. लांबी फुटांत, बाकी मापं इंचांत, म्हणून १४४ ने भाग: २२.५ × ५ × ३ ÷ १४४ म्हणजे २.३४ घनफूट. आतली चार दारं ४ बाय अडीच इंचांत, बिनउंबऱ्याची: एका चौकटीला ७ फूट ३ इंचांचे दोन उभे आणि साडेतीन फुटांचा एक आडवा मिळून १८ फूट, म्हणजे सव्वा घनफूट, चारांना पाच. बाथरूमला हल्ली ग्रॅनाइटच बसवतात, ते धरलेलं नाही. बेरीज ७.३४. गाठी, चिरा, निवडीत बाद होणारा माल यासाठी दहा टक्के वर, म्हणजे आठ घनफूट धरा.

आता ओंडका. मधोमध सुतळी गुंडाळायची, तिचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग गुणिले लांबी. गोलाई ४८ इंच, लांबी १० फूट असेल तर १२ × १२ × १० ÷ १४४, बरोबर १० घनफूट. त्या ओंडक्यात खरं लाकूड १२.७ घनफूट असतं. वरचे २.७ घटीसाठी सोडलेले, असं वखारीत सांगतात. ते खोटं नाही, पण घट तेवढ्यावर थांबत नाही. पाठफळ्या (बाहेरच्या गोलाईच्या फळ्या) जातात, पांढरी (सालीलगतचं कच्चं लाकूड) जाते, बँडसॉ प्रत्येक फेरीला सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, भुसा करतो. हाती साडेसहा घनफूट स्वच्छ माप आलं तर ओंडका बरा निघाला म्हणायचं. हिशेबापुरता ओंडक्याचा दर २,००० रुपये धरा: २०,००० लाकडाचे, चिराई-हमाली-भाडं मिळून आणखी २,०००. भागिले साडेसहा, घनफूट पडला ३,३८५ ला. म्हणून ढोबळमानाने ओंडक्याच्या दराला १.७ ने गुणावं आणि मग कट साइजच्या दरासमोर ठेवावं. दोन्ही दर जीएसटी धरून की सोडून, हे आधी विचारा.

गोलाई सालीवरून घेतली की सालीखालून, हेही बघा. ४६ ऐवजी ४८ इंच मोजली गेली तर ९.२ चे १० घनफूट होतात. दोन इंचांच्या सुतळीत आठ टक्के गेले.

एवढं करूनही दोन्ही बाजू जवळपास बरोबरीतच राहतात. माझ्यापुरता निकाल लावला तो तुकड्यांनी. ओंडक्याची लांबी आपण ठरवत नाही, वखारीत पडलेला असेल तो घ्यावा लागतो. १० फुटी ओंडक्यातून ७ फूट ३ इंचांचा उभा काढला की उरतो २ फूट ९ इंचांचा तुकडा. आतल्या दाराचा आडवा साडेतीन फुटांचा, मुख्य दाराचा चार फुटांचा. म्हणजे तुकडा कुठल्याच चौकटीला लागत नाही. वरच्या घरात उभे दहा. दहा तुकडे मिळून २.१ घनफूट, चिरलेल्या भावाने जवळजवळ सात हजार रुपये. सुतार म्हणतो, पाट होतील, खुंट्या होतील. किती पाट करणार? ११ फुटी ओंडका मिळाला तर ७ फूट ३ इंच आणि साडेतीन फूट एका लांबीत बसतात आणि टोकाच्या चिरांना ३ इंच उरतात. पण तो लॉटमध्ये असायला हवा, आणि वखारवाला लॉटमधून निवडू देत नाही.

कट साइजमध्ये ७ फूट ३ इंचाचे साडेसात फूट लावतात, बस. दहा उभ्यांवर फरक पाव घनफुटाच्याही आत.

कट साइजच्या खोटी वेगळ्या. ५ बाय ३ म्हणून लावलेला माल टेपने मोजा. रंधून दिला असेल तर पावणेपाच बाय पावणेतीन चालतं, दर बाजूचं एक सूत रंध्यात गेलं. न रंधलेलाच जाडी-रुंदीत एकेक सूत कमी असेल तर साडेसहा टक्के लाकूड कमी आलं, आणि रंधा अजून मारायचाच आहे. दुसरं, गेरू किंवा तेल फासलेली टोकं. पटाशीने खरवडून पांढरी किती ते बघा. वाळवी आधी तिथेच शिरते.

वजनाचं गणित ओंडक्यात हमखास फसतं. वाळलेलं सागवान घनफुटाला १८-१९ किलो, म्हणजे आठ घनफूट कट साइज दीडशे किलोच्या आसपास. ओला ओंडका २५ च्याही पुढे जातो, आणि गुणायचं खऱ्या १२.७ ने, बिलातल्या १० ने नव्हे. एक ओंडका ३१८ किलो. पाऊण टनाच्या छोट्या हत्तीत दोन नीट येतात, तिसरा चढवला की टायर बोलतात.

ओला माल चिरून लगेच चौकट केली तर पाच इंचांत सूतभर आटते आणि सांधा उघडतो. पाटणच्या पावसात ठेवलेला माल आटपाडीच्या कोरड्या हवेत बसवला तर जास्तच. तीन इंच जाडी दोन-तीन महिन्यांत वाळत नाही. सावलीत, मध्ये रिपा घालून थर लावायला जागा हवी आणि टोकांना रंग हवा.

तरी ओंडका सरसकट वाईट असं म्हणणार नाही. वाड्याची तुळई बदलायची असेल, छपराचे वासे, कैच्या, खिडक्या सगळंच लाकडी असेल तर तुकडे कुठे ना कुठे जिरतात आणि लांब मापं कट साइजमध्ये मिळतही नाहीत. स्वतःच्या शेतातला साग असेल तर प्रश्नच वेगळा. फक्त साग १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यातल्या यादीत आहे, त्यामुळे तोडायची परवानगी आणि वाहतूक पास हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

चार-पाच चौकटींचंच काम असेल तर मी कट साइजकडे झुकेन. वखारीत जाताना सुताराकडून नगवार यादी घ्या: लांबी, रुंदी, जाडी, नग. बिलही तसंच नगवार मागा. नुसतं ‘सागवान ८ घनफूट’ लिहिलेलं असेल तर घरी आल्यावर टेप लावून उपयोग नाही.