त्सिझौची बरणी घेताना: सांधलेली युआन की अखंड चिंग?

लोणच्याची चिनी मातीची बरणी ज्यांनी उचलली आहे त्यांना स्टोनवेअर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. जाड, जड, पाणी न झिरपणारं भांडं. त्सिझौची बरणी त्याच जातीची, पण रंगवलेली. उत्तर चीनमध्ये हेबेई प्रांतातल्या हांदान परिसरात, ग्वानताई आणि पेंगचेंगच्या भट्ट्यांत अशा बरण्या झाल्या. करड्या, भरड मातीवर पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर लोहयुक्त दगडाच्या पुडीने काढलेलं काळं-तपकिरी चित्र आणि वर पारदर्शक झिलई.

बजेट ठरलेलं असलं की बहुतेकांना एकच पेच पडतो. एकीकडे युआन काळातली (१२७१–१३६८) बरणी: सुमारे ३० सेंटीमीटर उंच, रुंद खांद्याची, पोटावर चौकटीत ड्रॅगन आणि फिनिक्स, पण गळा जोडलेला आणि अंगावर एखादी चीर. दुसरीकडे पेंगचेंगचीच चिंग काळातली (१६४४–१९११): अखंड, सैल हाताने काढलेल्या वेली-फुलांची, कधी तपकिरीऐवजी निळ्या कोबाल्टची.

चित्रासाठी घेत असाल तर युआन घ्या. अट एकच, डागडुजी चित्रापर्यंत पोचलेली नसावी. गळा नवा असला तरी चालतो, ड्रॅगनचं तोंड नवं असलेलं चालत नाही. कोरडा लेप रंग पटकन पिऊन टाकतो, त्यामुळे कारागिराला रेघ थांबवून दुरुस्त करता येत नसे. कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, कुठे उचलला हे रेघेत दिसतं. रंग दाट बसला आहे तिथे झिलईतून तांबूस, गंजासारखी झाक वर येते. नकलेतली रेघ सावकाश चालते, सारख्या जाडीची राहते आणि वळणावर थरथरते. आधी हे बघायची सवय लावा, बाकीच्या खुणा नंतर.

डागडुजी शोधायला अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. नवा रंग आणि राळ मूळ झिलईपेक्षा वेगळी चमकते. मग बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारत बरणीभोवती फिरा. अखंड भाग खणखणतो, तडा किंवा भराव असलेला भाग बद्द वाजतो. काठ सपाट, झिलईविना आणि मंद दिसला तर टवके लपवायला तो घासून खाली आणलेला असतो. घासलेल्या काठापेक्षा उघड सांगून जोडलेला गळा बरा, कारण त्यात बरणीची मूळ ठेवण तरी समजते.

चिंग बरणीत ही कटकट कमी. ती उचलता येते, घरात मोकळी ठेवता येते, पुढे विकताना तड्याचा हिशेब द्यावा लागत नाही. पहिलीच खरेदी असेल आणि हात अजून बसला नसेल, तर तिच्यात चूक स्वस्तात पडते. चित्र मात्र बहुधा साधंच मिळतं.

तिसरा पर्याय समोर येतोच: स्वस्तातली, अखंड युआन. तिच्यापासून दूर राहा. पेंगचेंगमध्ये आजही भट्ट्या चालू आहेत आणि नकला उत्तम होतात. मोठ्या बरण्या दोन भागांत फिरवून जोडत, म्हणून आत हात घालून पोटाच्या मध्यावर सांध्याचा उंचवटा चाचपा. साच्यातली बरणी आतून गुळगुळीत लागते. बुडाला लेप आणि झिलई वेड्यावाकड्या रेषेत थांबायला हवी. झीजही वेडीवाकडी असते. एकाच दिशेचे समांतर ओरखडे म्हणजे पॉलिश पेपर. दहापट भिंगाखाली झिलईचे बुडबुडे सगळीकडे सारखेच फुटलेले, खरबरीत दिसले तर आम्लाने चमक घालवली आहे असं समजा.

थर्मोल्युमिनेसन्स म्हणजे माती शेवटची भाजल्यापासून तिच्यात साठलेला किरणांचा परिणाम मोजून वय काढणारी चाचणी. तिच्यासाठी बुडातून थोडी पूड काढतात. तिच्यात वयाच्या सुमारे २० टक्के इकडेतिकडे होतं, म्हणजे १३५० च्या बरणीत साधारण १३५ वर्षं. नवी-जुनी कळते, युआनच्या अखेरची की त्यानंतरच्या मिंग काळाच्या आरंभीची हे कळत नाही. जुनं बूड आणि नवं अंग असा जोडकामाचा माल ती एकाच नमुन्यावर पास करते, म्हणून नमुने दोन ठिकाणांहून घ्यायला लावा. एक्स-रे किंवा सीटी त्यानंतर, कारण ते किरण चाचणीच्या मोजणीत मिसळतात.

समुद्रातून निघालेला माल वेगळा धरा. लिआओनिंगच्या किनाऱ्याजवळ सानदाओगांग इथे १९९१ मध्ये सापडलेल्या युआनकालीन जहाजात त्सिझौ भांडी भरलेली होती. अशा मालाची झिलई मंद होते आणि मुरलेलं मीठ लेपाखाली बसतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ते विरघळतं, हिवाळ्यात पुन्हा स्फटिक होतं आणि लेपाचे पोपडे उडवतं. गोड्या पाण्यात वारंवार भिजवून मीठ काढलं आहे का, हे लेखी विचारा.

युआन बरणी गळ्याने कधीच उचलू नका. एक हात बुडाखाली, एक पोटाला. दिव्याच्या उष्णतेने जुना सरस सैल पडतो, त्यामुळे कपाटातला दिवा थंड हवा.

परदेशातून भारतात परतताना बरणी आणणार असाल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचा. शंभर वर्षांवरची कलावस्तू, मग ती चिनी असली तरी, खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. चिंग बरणीही बहुधा त्यात बसते. पुन्हा परदेशी जाण्याचा विचार असेल तर ती तिकडेच एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा.