रंगीत तांदूळ : खाण्याचा रंग की पोस्टर कलर?

मुलांसोबत तांदूळ रंगवायचे ठरले की बहुतेक घरांत दोन पर्याय हाताशी असतात : स्वयंपाकघरातला खाण्याचा रंग आणि चित्रकलेच्या सामानातला पोस्टर कलर. रंग दोन्हींनी चांगला चढतो आणि स्वस्तातला कोणताही तांदूळ चालतो. फक्त कणी टाळावी, कारण तिचे पीठ सुटते आणि रंग गढूळ दिसतो.

दिसण्याचा विचार केला तर पोस्टर कलर उजवा ठरतो, हे मान्य करायला हवे. त्याचा थर दाट असतो, पांढरा दाणा पूर्ण झाकला जातो आणि निळा, हिरवा हे रंग विशेष खुलतात. खाण्याच्या रंगाने येणारी छटा थोडी पारदर्शक असते व उन्हात ठेवल्यास लवकर फिकी पडते. मात्र पोस्टर कलर लावलेले दाणे वाळताना एकमेकांना चिकटतात, त्यामुळे गुठळ्या हाताने फोडत बसावे लागते, आणि पावसाळी हवेत हे काम जास्तच लांबते.

तरीही माझ्यापुरता निर्णय झाला तो एका वेगळ्याच कटकटीमुळे. पोस्टर कलरचे तांदूळ कितीही चांगले वाळवले, तरी मुले ते वाटीने उपसू लागली, चाळणीतून ओतू लागली की दाण्यावर दाणा घासून वरचा थर सुटतो आणि परातीच्या तळाशी रंगीत भुकटी साचते. कुंकवाच्या अक्षता मुठीत धरल्यावर तळवा लाल होतो, तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे रंग चार असतात आणि खेळ तासभर चालतो. ती भुकटी नखांत जाते, सतरंजीत बसते आणि शेवटी सगळ्या रंगांचा मिळून एक मळकट तपकिरी रंग होतो. खाण्याच्या रंगात थर असा नसतोच. रंग दाण्याच्या वरच्या भागात मुरतो, त्यामुळे भुकटी जवळजवळ पडत नाही. ओल्या किंवा घामेजलेल्या हातांना तोही लागतो, हे खरे, पण हात पुसून खेळायला बसवले की एवढी अडचण राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

यासाठी एक वाटी तांदळाला चमचाभर व्हिनेगर आणि रंगाचे पाचसहा थेंब पुरतात. पाण्याचा मोह टाळावा, कारण जास्त ओलावा शोषला की दाणा फुगतो आणि वाळताना तडकतो. पुडीतला रंग असेल तर चिमूटभर घेऊन तो आधी व्हिनेगरमध्ये विरघळवावा, नाहीतर दाण्यांवर ठिपके उमटतात. घट्ट झाकणाच्या बरणीत घालून हलवण्याचे काम मुलांकडे द्यावे. त्यांना खेळाइतकाच आनंद याही टप्प्यात मिळतो. व्हिनेगरचा वास काहींना खटकतो, पण तांदूळ वाळले की तो निघून जातो. व्हिनेगरऐवजी सॅनिटायझर वापरल्यास तांदूळ लवकर वाळतात, परंतु त्यातले अल्कोहोल पेट घेते, म्हणून गॅस किंवा निरांजन जवळ असलेल्या घरात मी तो सुचवणार नाही. हळदीचा पिवळा सुंदर येतो, पण कपड्यांवर सांडलेली हळद साबण लागताच लाल होते, हे घरातल्या धुणाऱ्या व्यक्तीला आधी सांगून ठेवावे.

फार लहान मूल असेल तर मात्र रंगाचा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण कच्चा दाणा नाकात, कानात किंवा घशात जाऊ शकतो आणि मोठ्यांना जवळून हलता येत नाही.

तांदूळ कागदावर चिकटवून चित्र करायचे असेल तर पोस्टर कलरची बाजू पुन्हा वर येते, कारण खाण्याचा रंग ओल्या फेव्हिकॉलमध्ये विरघळून कागदावर पसरतो. पण फेव्हिकॉलचा थर पातळ दिला आणि जाड कार्डशीट घेतली, तर हे पसरणे बहुधा दाण्यांखालीच झाकले जाते, त्यामुळे चिकटकामासाठी वेगळे तांदूळ रंगवणे मी आता सोडून दिले आहे.