ग्रॅनाइट म्हणून गळ्यात मारलेलं नॉनस्टिक

दिवाळीआधी पार्ल्याच्या एका हॉलमध्ये भरलेल्या प्रदर्शनात हा स्टॉल होता. हिरवा फलक, त्यावर ‘दगडी कोटिंग, केमिकलमुक्त, पर्यावरणपूरक’. तवा, कढई, फ्रायपॅन मिळून ३,८०० रुपये. घरचं जुनं नॉनस्टिक आणून दिलं तर ५०० कमी.

विकणारा आधी घाबरवतो. नॉनस्टिकशी नाव जोडलं गेलेलं पीएफओए हे रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं, त्याचं कात्रण लॅमिनेट करून टांगलं होतं. बातमी खरीच आहे. मग त्याने तेलाशिवाय ऑम्लेट काढलं, कढईत तारेची घासणी फिरवली, बुडाला लोहचुंबक चिकटवून दाखवलं. “ताई, आत शुद्ध लोखंड, वर ग्रॅनाइट. नॉनस्टिक नावालाही नाही. बिनधास्त भाकऱ्या भाजा.”

घरी खोक्यातला कागद वाचला. रिकामं तापवू नका, आच मध्यम ठेवा, लाकडी उलथनंच वापरा. दगडाचे इतके लाड? खोक्याच्या तळाशी, किमतीच्या स्टिकरखाली, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: पीटीएफई कोटिंग, मार्बल फिनिश. पीटीएफई म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो तेच. ठिपके नुसते रंगाचे. फ्रिजवरचं चुंबक कढईच्या बाजूला लावलं तर सरळ ओट्यावर पडलं. कढई ॲल्युमिनियमची, इंडक्शनवर चालावी म्हणून बुडाला तेवढी चुंबक धरणारी स्टीलची चकती बसवलेली. त्याने चुंबक बुडालाच का लावलं ते तेव्हा कळलं.

खोक्यावरचा ‘पीएफओए-फ्री’ हा शिक्का खोटा असेलच असं नाही. पीएफओए हे पीटीएफई बनवताना वापरलं जाणारं मदतीचं रसायन. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी ते २०१५ पर्यंत बंद केलं, २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीतही ते आलं. पण त्या शिक्क्याचा अर्थ भांड्यावर पीटीएफई नाही असा होत नाही. त्यासाठी ‘पीटीएफई-फ्री’ असं स्पष्ट छापलेलं हवं. साध्या आचेवर पीटीएफई टिकतं, २६० अंशांच्या पुढे मात्र ते बिघडायला लागतं आणि धूर तब्येतीला वाईट. भाकरीचा तवा आपण रिकामाच, मोठ्या गॅसवर सणसणून तापवतो. केवळ पैशांची फसवणूक असती तर इतकं लिहिलं नसतं. त्या ‘भाकऱ्या भाजा’चा मला खरा राग आहे.

पावतीवरचा नंबर बंद. हॉलवाल्यांनी आम्ही फक्त जागा देतो म्हणून हात झटकले. खोक्यावरच्या कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, आम्ही नॉनस्टिकच विकतो, ग्रॅनाइट कधी म्हटलं?” तेही खरंच. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार घेतात, पण विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारतात. माझ्या पावतीवर ‘किचन सेट – १’ आणि रक्कम, बस्स. जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. ‘पर्यावरणपूरक’ म्हणायचं तर पुरावा द्यावा लागतो, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम ऑक्टोबर २०२४ पासून आहेत. पण तो शब्द फलकावर होता, खोक्यावर नाही. फलकाचा फोटो मी काढला नव्हता. तुम्ही काढा, आणि जे तोंडी सांगतात ते पावतीवर लिहून मागा. टाळाटाळ झाली की निघा.

शेवटी तांबाकाट्याला जाऊन बिडाचा तवा आणला. दुकानदाराने स्वतःच चुंबक हातात दिलं, “वहिनी, कडेला लावा, कानाला लावा.” सगळीकडे चिकटलं. तवा जड आहे, धुतल्यावर पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो, नाहीतर गंजतो. पहिली घावनं चिकटली, आता सुटतात. कोकम-चिंचेचं काही त्यात शिजवत नाही, त्याला स्टीलची कढई. सिरॅमिक कोटिंगमध्ये पीटीएफई नसतं हे खरं, पण त्याचा गुळगुळीतपणा लवकर जातो, म्हणून त्या वाटेला गेले नाही.

असाच हिरवा फलक मुलुंडच्या प्रदर्शनात बहिणीने पाहिला. तिथल्या कुणाकडे विक्रेत्याच्या पूर्ण नाव-पत्त्याची पावती असेल तर सांगा, माझी तक्रार तेवढ्यासाठी अडली आहे.