जुनी सर्फ बोट, मांडवी आणि आठ महिने

गेल्या ऑक्टोबरात आम्ही तीन घरांनी मिळून एक वापरलेली वेकबोट घेतली, म्हणजे मागे मोठी लाट उठवणारी आणि त्या लाटेवर फळीवर उभं राहून खेळायची बोट. 21 फुटी, 2011 ची. सीझनभर गोव्यातल्या मांडवी नदीत चालवली, आता पावसामुळे ताडपत्रीखाली आहे, म्हणून लिहायला सवड मिळाली.

आधी जी घेतली नाही तिच्याबद्दल. टॉवर (दोरी बांधायची उंच कमान), स्पीकर, चकचकीत सीटा आणि इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवर फक्त 210 तास. मुलं तर तिच्यात जाऊन बसलीसुद्धा. सोबत ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा मेस्त होता. त्याने मीटरकडे पाहिलंच नाही. झाकण उघडून एक्झॉस्टच्या सांध्यावरून बोट फिरवलं (बोटीला बोट, यावर मुलं हसली) आणि मला दाखवलं: तांबूस पूड, तिच्यात पांढरे कण. म्हणाला, "दादा, तास कमी आहेत कारण ही नुसती उभी होती. उभ्या बोटीला मीठ जास्त खातं."

या बोटी मुळात गोड्या पाण्याच्या तळ्यांसाठी बनतात. बऱ्याच इंजिनांत बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमध्ये खेळतं. उन्हाळ्यात मांडवी किती खारी होते ते आपल्याला माहीत आहे. आमच्या बोटीत ब्लॉकमध्ये कूलंट फिरतो, खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजर आणि एक्झॉस्टपुरतं येतं. गोव्यात घेणार असाल तर ही अट सोडू नका, सीटा फाटलेल्या असल्या तरी चालतील. आमच्या होत्याच. आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासा, तळावर लाकडी हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर आत पाणी मुरलंय असं धरून चाला.

आता मजा. व्ही-ड्राइव्ह म्हणजे इंजिन मागे, पण पंखा (प्रोपेलर) बोटीच्या पोटाखाली, म्हणून मागच्या लाटेवर माणूस जवळ राहू शकतो. आउटबोर्डच्या (इंजिन मागे बाहेर टांगलेल्या बोटीच्या) मागे वेकसर्फिंग, म्हणजे दोरी सोडून नुसत्या लाटेवर चालणं, कधीही करू नये, तिथे पंखा उघडा असतो. बोट जड करायच्या पाण्याच्या टाक्या भरून ताशी 17 किलोमीटरला चालवलं की लाट अशी उभी राहते की मेहुणीने तिसऱ्या दिवशी दोरी सोडून दिली. वेकबोर्डला (दोरी धरून, पाय अडकवलेल्या फळीवर) 32-35 लागतात आणि त्या वेगात पाणी फरशीसारखं लागतं. माझ्या बरगड्यांनी डिसेंबरात राजीनामा दिला. पंचेचाळिशीच्या माणसाने सर्फच करावं. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर मात्र कोणाला बसू देत नाही. तिथे धूर साचतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रडगाणंही ऐका. टाक्या भरणारा पंप गाळाने दोनदा बसला. सर्फला तासाला 20 लिटरच्या आसपास पेट्रोल जातं. हिशेब बायकोने लिहून फ्रिजवर लावलाय. भरलेल्या टाक्यांनी बोट खोल बसते, ओहोटीला चोडणच्या बाजूला एकदा वाळूत रुतलो आणि फेरीबोटीतल्या लोकांनी मनसोक्त पाहिलं. तेव्हापासून भरतीचं वेळापत्रक बघूनच निघतो. जाळ्यांचे खुंट आणि खाजनाचे (खाऱ्या पाण्यालगतच्या शेतांचे) बांध यांच्यापासून लांब राहतो, आमची लाट त्यांना नको. कुंभारजुव्याच्या कालव्यात तर सर्फ नाहीच. तिथल्या मगरी आमच्यापेक्षा जुन्या रहिवासी. बोटीची नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे (गोव्याचं बंदर खातं). जुन्या मालकाचे कागद पूर्ण नसतील तर व्यवहारच करू नका.

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याची नळी लावून पंधरा मिनिटं इंजिन फ्लश करतो. रात्री कितीही उशीर झाला तरी. बोट पाण्यात सोडून घरी जायचं नाही, नाहीतर तळाला शिंपले धरतात. म्हणून ट्रेलर. आणि नेमकं त्याच्याकडेच माझं दुर्लक्ष झालं: बोट पाण्यात सोडताना चाकांची बेअरिंगं उतारावर दर वेळी खाऱ्या पाण्यात बुडत होती. मेस्ताने काल चाक फिरवून दाखवलं, आत गंजाचा चिखल. सप्टेंबरच्या आत दोन्ही बाजू बदलायच्या आहेत.