थायलंडला जाताना पैसे कशात न्यावेत: बाट, डॉलर की फॉरेक्स कार्ड?

पहिल्या परदेशवारीला थायलंड ठरलं की तिकीट आणि हॉटेल आठवड्याभरात उरकतं. मग घरात एकच चर्चा उरते, पैसे कशात न्यायचे? आधी जाऊन आलेला मावसभाऊ म्हणतो इथूनच बाट घेऊन जा. बँकेतून फॉरेक्स कार्डासाठी, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डासाठी, फोन येऊन गेलेला असतो. ऑफिसातला कोणीतरी ‘क्रेडिट कार्ड पुरतं रे’ म्हणून मोकळा होतो. तिघांचंही चूक नाही, फक्त प्रत्येक पर्यायात खर्च वेगळ्या जागी दडलेला असतो.

हिशेबासाठी दोघांची सहा-सात दिवसांची सहल धरू. हॉटेलचे पैसे आधीच भरलेत आणि हातखर्चाला 90,000 रुपये आहेत. आकडेमोड सोपी जावी म्हणून डॉलर 90 रुपये आणि बाट पावणेतीन रुपये धरतो, तुमच्या दिवशीचा भाव तुम्ही घालून बघा. टीसीएसची, म्हणजे परकीय चलन घेतानाच कापून घेतल्या जाणाऱ्या कराची, काळजी इथे नको. आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या पुढे गेलात तरच तो प्रश्न येतो.

इथूनच बाट घेतले तर

डोक्याला सर्वांत कमी ताप याचाच. उतरल्या उतरल्या टॅक्सीचे पैसे हातात असतात. पण मनी चेंजरकडे डॉलरची ये-जा रोजची असते, बाटाची तेवढी नसते. बाट पडून राहण्याचा धोका तो भावात चढवतो. हे तपासायची सोपी रीत आहे. एकाच काउंटरवर डॉलर आणि बाट दोन्हींचे विक्रीचे आणि खरेदीचे भाव विचारा, आणि प्रत्येक चलनाच्या या दोन भावांतली दरी टक्क्यांत काढा. बाटाची दरी डॉलरपेक्षा कमी असलेलं काउंटर मला अजून सापडलेलं नाही. आपल्याकडच्या विमानतळावर तर ही दरी आणखी रुंदावते, तिथे घेणं म्हणजे निव्वळ नाइलाज.

पहिल्या दिवसापुरते दोन-तीन हजार बाट इथून घेतले तर हरकत नाही. रात्री उशिरा उतरणार असाल आणि सोबत वयस्कर आई-वडील असतील, तर जरूर घ्या.

फॉरेक्स कार्ड

याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पैसे भरले त्या दिवशीचा भाव पक्का होतो. हरवलं तर अॅपमधून बंद करता येतं, आणि कार्डाला मिळणारा भाव नोटांपेक्षा बहुधा थोडा बरा असतो. सिंगापूर किंवा युरोपला निघाला असाल तर मी कदाचित हेच घ्या म्हणालो असतो. शिकायला चाललेल्या मुलांसाठी तर नक्कीच, कारण घरून पुन्हा पैसे भरता येतात.

थायलंडचं गणित मात्र वेगळं. मॉलमध्ये आणि मोठ्या हॉटेलांत कार्ड चालतं, पण रात्रीचा बाजार, रस्त्याकडेची पॅड थाईची गाडी, टुकटुक आणि बेटावरची बोट सगळी रोखीची. स्थानिक लोक क्यूआर कोडवर पैसे देतात, पण आपल्या यूपीआयच्या भरवशावर तिथे जाऊ नका. म्हणजे कार्ड असलं तरी एटीएम गाठावंच लागतं. परदेशी कार्डाला तिथलं एटीएम दर वेळी 220 बाट किंवा थोडे जास्त कापतं, म्हणजे सुमारे 600 रुपये. 5,000 बाट काढले तर 4.4 टक्के तिथेच गेले. 20,000 एकदम काढले तर 1.1 टक्के. त्यावर कार्ड देणाऱ्याचं साधारण दोन डॉलर शुल्क वेगळं. एकदम मोठी रक्कम काढायची तर मग रोखच न्यायला काय हरकत होती?

कार्डावर डॉलर भरलेत आणि खर्च बाटात होतोय, तर दर व्यवहाराला चलनबदलाचं शुल्क लागतं. ते दोन ते साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. म्हणून घेण्याआधी विचारा, या कार्डावर बाट भरता येतात का? बहुचलनी कार्ड आहे म्हणजे त्यात बाट असतीलच असं नाही.

आणखी एक. हे कार्ड भारतात चालत नाही, त्यामुळे पिन बरोबर आहे की नाही हे घरी तपासता येत नाही. पहिली चाचणी थेट बँकॉकच्या एटीएमसमोर. पिन विसरलात तर अॅपमध्ये शिरायला ओटीपी लागतो आणि तो भारतातल्या नंबरवर येतो. निदान एसएमएस येतील एवढं रोमिंग चालू ठेवूनच निघा.

एवढं सगळं असूनही मी कार्डच घ्या म्हटलं असतं. आड येते ती उरलेली शिल्लक.

सहल कितीही मोजून-मापून केली तरी शेवटी चाळीस-पन्नास डॉलर उरतातच. नोटा उरल्या तर कपाटात ठेवता येतात आणि ते नियमात बसतं. परत आल्यावर न खर्चलेलं परकीय चलन 180 दिवसांत परत विकायचं, पण 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. नाण्यांना तर मर्यादाच नाही. कार्डावरच्या शिलकीला हीच सवलत आहे असं गृहीत धरून बसू नका.

ती शिल्लक काढायची तर अर्ज भरा, ओळखपत्र जोडा. पुष्कळदा जिथून कार्ड घेतलं त्याच शाखेत या असं सांगतात. पैसे मिळतात ते खरेदीच्या भावाने, म्हणजे घेतानाच्या भावापेक्षा कमी, आणि परत विकताना जीएसटी पुन्हा लागतो. हॉटेलने ठेव म्हणून कार्डावर रक्कम अडवली असेल तर ती सुटेपर्यंत थांबा. त्यातही कार्ड देणाऱ्याला वाटेत असलेल्या व्यवहारांसाठी 100 डॉलरपर्यंत रक्कम काही काळ मागे ठेवायची परवानगी आहे. म्हणजे उरलेत 45 डॉलर आणि मागे ठेवायची मुभा 100 ची! कंटाळून माणूस कार्ड ड्रॉवरमध्ये टाकतो. मग वापर नाही म्हणून शुल्क कापलं जातं, नाही तर पुढच्या सहलीपर्यंत कार्डाची मुदत संपते. रक्कम चार हजार रुपयांचीच असते, पण त्यासाठी शाखेत दोन खेपा कोण घालणार? माझं पारडं फिरलं ते इथे. दरवर्षी परदेशी जाणाऱ्याला हे जाचणार नाही, तो शिल्लक पुढच्या वेळी वापरेल. पहिल्यांदा निघालेल्याची पुढची वारी कधी, हे त्यालाही माहीत नसतं.

रोजचं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड

बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचं चलनबदलाचं शुल्क) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, एकूण 4.13 टक्के. 10,000 बाटाच्या बिलावर 413 बाट गेले. मार्कअप नसलेली किंवा कमी असलेली कार्डंही मिळतात. तसं एखादं आधीच खिशात असेल तर हॉटेल आणि मोठ्या खरेदीसाठी ते फॉरेक्स कार्डापेक्षा सरस. त्यात आधी पैसे भरावे लागत नाहीत, म्हणून काही उरतही नाही. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख मात्र काढू नका. शुल्क वेगळं लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. 2020 पासून नव्या कार्डांवर तो मुळातच बंद असतो. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की बाटात’ असं विचारेल तेव्हा बाटच निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो भाव दुकानदाराच्या बँकेने ठरवलेला असतो आणि महाग पडतो. काही बँका त्यावर आपलंही शुल्क लावतात. एटीएमवर हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. रूपांतर स्वीकारता की नाकारता, असा पडदा दिसतो. नाकारलं तर व्यवहार रद्द होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. बाटात पैसे निघतात.

डॉलरच्या नोटा

माझा कल कुठे आहे हे एव्हाना लक्षात आलं असेल. शंभराच्या डॉलर नोटा न्यायच्या आणि बँकॉकमध्ये लागतील तशा मोडायच्या. दोनदा चलन बदलतं म्हणून हे तोट्याचं वाटतं. पण डॉलरची दरी इथेही कमी आणि तिथेही कमी. दोन्ही मिळून इथल्या बाटाच्या एका दरीपेक्षा बहुधा स्वस्तच पडतात. मी काही रोजचे भाव नोंदवून ठेवलेले नाहीत, एखाद्या दिवशी उलटंही असू शकेल. पण उरलेली शंभराची नोट पुढे दुबईला चालते, व्हिएतनामला चालते. उरलेले बाट फक्त थायलंडलाच.

घेताना काही गोष्टी पाहाव्या लागतात. दुकानदाराला ‘आज डॉलर काय भाव’ विचारू नका. ‘हजार डॉलरचे सगळं धरून एकूण किती रुपये’ असं विचारा. तीन ठिकाणी फोन करा, तोही कामाच्या दिवशी. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, म्हणून भावात जास्तीचा हात राखून ठेवतात. जीएसटी ठरलेला आहे. लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का (किमान 250 रुपये) हे मूल्य धरून त्यावर 18 टक्के. म्हणजे 90,000 रुपयांवर 162 रुपये. याहून जास्त ‘कर’ कोणी सांगितला तर ते त्याचं स्वतःचं शुल्क आहे.

एका माणसाला एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, ते पुरून उरतात. 50,000 रुपयांच्या वरचा व्यवहार रोखीने होत नाही. एकाच प्रवासासाठी दोनदा घेतलं तरी बेरीज धरली जाते, म्हणून चेक किंवा एनईएफटीची तयारी ठेवा. दोघांच्या नावाने निम्मे निम्मे घेतलेले बरे, पावत्याही दोन होतात. डॉलर उतरलाय म्हणून सहा महिने आधी घेऊन ठेवता येत नाहीत, प्रवास 60 दिवसांच्या आत असावा लागतो. आणि दुकानावर ‘मनी एक्स्चेंज’ची पाटी दिसली म्हणजे तिथे विकत मिळेलच असं नाही. गोव्याच्या किनारपट्टीवर अशा पाट्या पुष्कळ दिसतात, पण फ्रँचायझी म्हणून काम करणाऱ्याला फक्त परकीय चलन विकत घेण्याची परवानगी असते. तो तुम्हाला डॉलर देऊ शकत नाही.

नोटा काउंटरवरच एकेक करून पाहा. पेनाची रेघ, शिक्का, स्टेपलरचं भोक, फाटका कोपरा दिसला की बदलून मागा. आपल्याकडे चालून जाणारी नोट बँकॉकचा काउंटरवाला परत सरकवतो किंवा कमी भाव देतो. 2013 नंतरची, मध्ये निळी पट्टी असलेली शंभराची नोट सर्वांत बिनघोर. दहा-वीसच्या नोटा घेऊ नका. तिथल्या भावफलकावर शंभर, पन्नास आणि लहान नोटांचे भाव वेगवेगळे लिहिलेले असतात आणि लहान नोटेला कमी मिळतं. नोटा घडी न घालता पासपोर्टच्या पाकिटात सपाट ठेवा. सगळ्या एकाच माणसाकडे नकोत.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताच समोर दिसणाऱ्या काउंटरांवर पैसे मोडू नका. लिफ्टने सर्वांत खाली, रेल्वे स्थानकाच्या मजल्यावर उतरा. तिथल्या काउंटरांवर भाव ठळकपणे बरा मिळतो, रांग मात्र असते. पासपोर्ट मूळच लागतो, झेरॉक्स चालत नाही. आधी दोनशे डॉलरच मोडा, बाकीचे शहरात. हजाराच्या नोटांऐवजी काही शंभराच्या मागून घ्या, कारण टॅक्सीवाल्याकडे हजाराचे सुट्टे नसतात. नसलेच मिळाले तर सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन नोट मोडता येते.

आमच्या हिशेबातल्या दोघांनी माझ्या मते 900 डॉलर शंभराच्या नोटांत न्यावेत, उरलेल्या रुपयांत दोन-तीन हजार बाट घ्यावेत आणि अडीअडचणीला एक क्रेडिट कार्ड जवळ असावं. चोरीची धास्ती मनातून जातच नसेल तर हे ऐकू नका, फॉरेक्स कार्ड घ्या. रात्री नीट झोप लागणं चार हजार रुपयांपेक्षा मोलाचं आहे. फक्त कार्डावर थोडं कमीच भरा. कमी पडलं तर अॅपमधून आणखी भरता येतं, उरलं तर वर सांगितलेली वरात.

परतीच्या दिवशी बाटाच्या नोटा उरल्या तर तिथेच मोडून घ्या, इथे त्यांना भाव येत नाही. नाणी कुठलाच काउंटर घेत नाही, दहा बाटाचंही नाही. ती विमानतळावर आत शिरण्याआधी कॉफीत किंवा सुक्या आंब्याच्या पाकिटात घालवा.