करप्यासाठी बनावट 'टू इन वन' औषधाचं पाकीट गळ्यात मारलं, मुरबाड शहापूरवाल्यांनी घरातली पाकिटं तपासा

ज्यांची मुरबाड, शहापूर, भिवंडी साइडला भातशेती आहे त्यांनी हे पूर्ण वाचा. मी ठाण्यात कामाला, गावची शेती दादा बघतो. गेल्या खरिपात गणपतीच्या सुमारास सारखं ढगाळ, झिमझिम पाऊस, भात पोटरीत आलेलं, म्हणजे लोंबी अजून आतच, आणि पानांवर करप्याचे, म्हणजे बुरशीच्या रोगाचे ठिपके दिसले, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळते. दादाला औषध कुठलं ते पक्कं माहीत होतं, टेब्युकोनॅझोल ५० टक्के अधिक ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन २५ टक्के, म्हणजे दोन बुरशीनाशकं एकत्र. तालुक्याच्या बाजारातल्या दुकानदाराने वेगळ्याच नावाचं पाकीट काढून दिलं, म्हणाला, "भाऊ, आतला माल तोच आहे, कंपनीकडून डायरेक्ट येतो म्हणून स्वस्त. बिल पाहिजे तर जीएसटी लावावा लागेल, उगाच कशाला?"

घरी पाकीट फोडलं तर आत खडूसारखी बारीक पावडर. आता बघा, बाहेर छापलंय डब्ल्यूजी, म्हणजे पाण्यात टाकल्यावर फुटून मिसळणारे दाणे. डब्ल्यूपी असेल तर पावडर, एससी असेल तर दाट पातळ औषध, ही अक्षरं आणि आतला माल जुळलाच पाहिजे. ही पावडर पंपाच्या तळाला बसली, नोझल सारखा तुंबत होता. दादाने दुकानात फोन केला तर "ढवळून मारा, स्ट्राँग आहे" असं उत्तर.

लोंब्या बाहेर आल्या आणि मानमोडी सुरू झाली. लोंबीची मान काळी पडून मोडते, दाणे पोचट. एकदा मान गेली की कुठलंही औषध मारा, ती लोंबी काही भरत नाही. मला जास्त चीड याचीच येते, पाकिटाचे पैसे गेले ते गेले पण पोटरी ते लोंबी बाहेर पडेपर्यंतचा जो फवारणीचा टाइम असतो तो या माणसाने खाल्ला, तो परत कुठून आणायचा?

दोन औषधं एकत्र असण्यामागे कारण असतं हो. टेब्युकोनॅझोल बुरशीच्या पेशीचं आवरण बनू देत नाही, ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन तिचा श्वास बंद करतं, दोन वेगळ्या जागी मार बसतो म्हणून बुरशी औषधाला लवकर सरावत नाही. काही जण याच नावाचा फायदा घेतात आणि कॉम्बिनेशन म्हणजे सगळ्या रोगांवर एकच इलाज असं सांगून काहीही विकतात. आमच्या शेजारच्याला तर कडा करप्यावर हेच पाकीट दिलं! कडा करपा जिवाणूमुळे होतो, पानाच्या टोकाकडून कडेकडेने वाकडीतिकडी पिवळी पट्टी सुकत जाते, त्यावर बुरशीनाशक ओरिजिनल असलं तरी उपयोग शून्य.

नंतर मी पाकीट ठाण्याला आणून नीट बघितलं. सीआयआरने सुरू होणारा सरकारी नोंदणी नंबर नाही. बॅच नंबर आहे पण एक्सपायरी डेट नाही. विषाचा रंग दाखवणारा हिऱ्याच्या आकाराचा चौकोन असतो ना, लाल पिवळा निळा हिरवा, तोही नाही आणि आत माहितीपत्रकही नव्हतं. नोंदणी नसलेलं औषध विकणं हा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली सरळ गुन्हा आहे, किरकोळ हलगर्जी समजू नका.

मी स्वतः दुकानात गेलो तर आधी म्हणाला पावसाने धुवून गेलं असेल, मग म्हणाला हा माल माझा नाहीच, बिल दाखव. बिल का देत नव्हता ते तिथे कळलं.

तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दिलाय, पाकिटाचे फोटो जोडून, पोच घेतली. फोडलेल्या पाकिटावर दुकानदार तूच भेसळ केलीस म्हणू शकतो, त्यामुळे तुमच्याकडे असलं सीलबंद पाकीट असेल तर ते फोडू नका. कीटकनाशक निरीक्षकाला दुकानातला माल तपासून नमुना घ्यायचा अधिकार आहे, अर्जात तशी मागणी स्पष्ट लिहा. रोग कुठला ते नक्की नसेल तर आधी किसान कॉल सेंटरला विचारा, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात आणि फोन फुकट आहे. आणि असंच पाकीट तुमच्याकडे कोणी दिलं असेल तर तुम्हीही अर्ज टाका, एकट्या माणसाच्या तक्रारीवर तो दुकानदार पावसाचंच नाव पुढे करणार.