अमेरिकेचे पश्चिम आशिया धोरण: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

अरब-इस्रायल संघर्षाबाबतच्या अमेरिकी धोरणावरील हा चित्रित व्याख्यानांचा अभ्यासक्रम घेताना माझी अपेक्षा माफक होती. १९४८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी इस्रायलला अवघ्या ११ मिनिटांत दिलेल्या मान्यतेपासूनचा क्रम सलग समजावा, एवढेच हवे होते. ते मिळतेच, मात्र वर्गणी खरी वसूल होते ती १९७३ च्या युद्धानंतरच्या भागात.

अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी तडजोडीसाठी इस्रायल आणि अरब राजधान्यांदरम्यान केलेल्या विमानफेऱ्यांचे कौतुक सगळेच करतात. येथे व्याख्याते १९७५ च्या मार्चपाशी थांबतात, हे मला विशेष आवडले. इस्रायलने ताब्यात घेतलेल्या इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाबाबत या दोन देशांतील बोलणी फिसकटल्यावर अध्यक्ष फोर्ड यांनी धोरणाचा फेरविचार जाहीर करून इस्रायलशी नवे शस्त्रकरार रोखले. मे महिन्यात ७६ सिनेट सदस्यांनी इस्रायलच्या बाजूने त्यांना पत्र पाठवले. आणि सप्टेंबरमध्ये अखेर करार झाला तेव्हा इस्रायलला भरघोस मदतीचे आश्वासन मिळून सिनाईतील गिद्दी व मित्ला खिंडींच्या परिसरातील टेहळणी केंद्रांवर अमेरिकी नागरी तंत्रज्ञ बसवण्याचे ठरले. दबाव आणायला निघालेली महासत्ता जामीन राहून परतली, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच समजावले जाते.

खटकते ते याच्या पुढचे. त्याच वेळी अमेरिकेने इस्रायलला लेखी कबूल केले होते की, पॅलेस्टाइन मुक्ती संघटना इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य करीत नाही तोवर तिच्याशी वाटाघाटी करायच्या नाहीत. या अटीने १९८८ च्या डिसेंबरपर्यंत अमेरिकेचे हात बांधले गेले, आणि अभ्यासक्रमात तिच्या वाट्याला एकच वाक्य येते! साहजिकच १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे अमेरिकेच्या मध्यस्थीने झालेल्या इजिप्त-इस्रायल बोलण्यांत पॅलेस्टिनींच्या स्वायत्ततेची चर्चा त्यांच्याविना का झाली, हे श्रोत्याला उलगडत नाही.

२००० नंतरचा भाग तर उरकल्यासारखा आहे. इस्रायलमधील अमेरिकी दूतावास तेल अवीवहून जेरुसलेमला नेण्याचा निर्णय ट्रम्प यांचा लहरीपणा म्हणून मांडला आहे. तसा कायदा अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) १९९५ मध्येच केला होता आणि त्यानंतरचे अध्यक्ष दर सहा महिन्यांनी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलत होते, याचा उल्लेखही नाही.

नकाशांत १९४९ ची युद्धबंदी रेषा आणि १९६७ नंतरची ताबारेषा एकाच फिकट करड्या रंगात असल्याने मोबाइलवर काहीच उमगत नाही. केवळ अलीकडच्या घडामोडींसाठी कोणी हा अभ्यासक्रम घेणार असेल, तर वर्गणी भरण्याआधी शेवटच्या भागातील विनामूल्य व्याख्यान अवश्य पाहावे.